शिवेपल्याड सोडलेला कोल्हा

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नये. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. कुणाच्या हाती हे पडलंच तर त्यानं हसू नये, समजून घ्यावं. मी चौथी शिकले तीही निजामाच्या राजवटीत. मराठीबरोबर उर्दूचा तास असायचा. एक लिपी डावीकडून आणि एक उजवीकडून गिरवता गिरवता हाताला कुठलंच वळण लागलं नाही. पुढं लग्न झालं आणि लिहिणं सुटलं ते सुटलंच.

मी बालवाडी चालवत होते तेव्हाची एक हकीकत लिहून ठेवायची आहे. आपला जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्यानंतर थोड्या वर्षांची. आमचं गाव बेंबळीकडं. ब्लॉकच्या ऑफिसनं गावात बालवाडी काढायचं ठरवलं आणि चौथी पास बाई पाहिजे म्हणून दवंडी दिली. गावात चौथी पास सून मी एकटीच. माझे यजमान कळंबला अडतीवर लिहिण्याचं काम करायचे आणि शनिवारी घरी यायचे. त्यांनीच माझं नाव दिलं. सासूबाई म्हणाल्या, "घरात भाकरी वाढ म्हनायला हिचं तोंड उघडत न्हाय, आन् ही पोरांला शिकवनार!"

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी फार लाजरी. चारचौघांत माझा आवाज घशातच राहायचा. उस्मानाबादला शिकवणीचं शिबिर झालं, तिथं सगळ्या बायांनी उभं राहून एकेक गाणं म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा मी पदर तोंडात धरून उभी राहिले आणि तशीच खाली बसले.

शिबिराहून येताना एक पत्र्याची पेटी मिळाली. तिच्यात ठोकळे, मण्यांची माळ आणि एक मोठं चित्रांचं पुस्तक होतं. उघडलं की माझ्या छातीएवढं व्हायचं. पुस्तकात अक्षरं जवळजवळ नव्हतीच. एका पानावर पाऊस आणि त्याच्यात बसलेला बेडूक. एकावर काळे ढग आणि मोर. एकावर भरलेली नदी आणि तिच्यात अंघोळ करणारा हत्ती. एकावर धुकं, त्याच्यात मेंढा आणि मेंढपाळ. एकावर कडक ऊन, आटलेला ओढा आणि जीभ बाहेर काढून बसलेला कोल्हा. शिवाय एक समुद्राचं पान होतं, नारळीच्या झाडांचं, आणि एक बर्फाच्या डोंगराचं. लहान मुलांना ऊन, वारा, पाऊस, झाडं, जनावरं ओळखायला शिकवायची, त्यासाठी ते होतं.

बालवाडी चावडीच्या ओसरीवर भरायची. पहिल्या दिवशी मुलं माझ्याकडं टकामका बघत बसली आणि मला घाम फुटला. काय करावं सुचेना म्हणून मी पुस्तक उघडलं आणि तोंडासमोर धरलं. मुलं चित्र बघायला लागली. माझ्याकडं बघणारं कुणी उरलं नाही, तसा माझा आवाज निघाला. पुस्तकाच्या मागून मी विचारलं, "हे काय आहे?" मुलं म्हणाली, "बेडूक!" त्या दिवसापासून मी तशीच शिकवू लागले. मी पुस्तकाच्या मागं, मुलं पुढं. रस्त्यानं जाणाऱ्याला नुसतं पुस्तक बोलतंय असं वाटलं असेल. पण मी बोलत होते. जन्मात पहिल्यांदा सलग बोलत होते, आणि घरी गेल्यावर मला त्याचा आनंद लपवून ठेवावा लागायचा.

शिबिरात सांगितलं होतं की चित्र दाखवा आणि मग खरी वस्तू दाखवा. काही चित्रांना खरी वस्तू गावात नव्हतीच. समुद्र मुलांना पटला नाही. एवढं पाणी असेल तर लोक शेत कुठं करतात, असं एकानं विचारलं. नारळाचं झाड दाखवलं तर मुलं म्हणाली, नारळ झाडाला कुठं लागतो, तो तुळजापूरला दुकानात लागतो. बर्फाचा डोंगर दाखवला तेव्हा मात्र सगळी एकदम ओरडली, "चाचीचं अंगण!"

चाची म्हणजे आमच्या शेजारची पिंजारीण. तिचं घर कापूस पिंजायचं आणि गाद्या-रजया भरायचं काम करायचं. पिंजायच्या धनुकलीचा टणत्कार सुरू झाला की अंगणभर, छपरावर, बाभळीवर, चाचीच्या भुवयांवर पांढरं बसायचं. मी मुलांना तिच्याकडं घेऊन गेले. चाचीनं ओंजळ ओंजळ कापूस दिला. त्याचे आम्ही ढग केले. मोकळा पिंजलेला ढग आणि दाबून चुलीच्या राखेत घोळलेला पावसाचा ढग. मग चावडीच्या पायरीवर उभं राहून वरचा ढग यातला कुठला ते ठरवायचं. बर्फ मात्र मुलांना चाचीचं अंगण म्हणूनच ठाऊक राहिला. मी पण बर्फ पाहिला नव्हता, मी कुठून सांगणार.

पुढं मी एक पद्धत पाडली. ओसरीच्या दोन खांबांना सुतळी बांधली. सकाळी आल्यावर मुलांनी आधी बाहेर जाऊन आभाळ बघायचं, वारा कुठून येतो ते ओलं बोट धरून बघायचं, मुंग्या काय करतात ते बघायचं. मग आत येऊन आज कुठलं पान ते सांगायचं. भांडणं व्हायची. एक म्हणायचा मोर, दुसरी म्हणायची मेंढा. जास्त मुलं म्हणतील ते पान उघडून पुस्तक सुतळीवर टांगायचं, दिवसभर तसंच. रस्त्यावरूनही ते दिसायचं.

तिथंच घोटाळा झाला, आणि तो माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

आमच्याकडं पावसाची नक्षत्रं वाहनावर बसून येतात. पाडव्याला जोशी पंचांग वाचून सांगायचे की मृगाचं वाहन अमुक, आर्द्राचं तमुक. बेडूक, हत्ती, म्हैस असली तर पाऊस भरपूर. मोर असला तर बरा. मेंढा, कोल्हा असला तर कोरडं. पेरणीचा विचार त्यावर चालायचा. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं, तरी पुस्तकातली जनावरं आणि वाहनं यांचा मेळ माझ्या डोक्यात आला नाही. बाकी सगळ्या गावाच्या डोक्यात आला.

मृगात एका सकाळी भुरभूर पाऊस होता. मुलांनी एकमतानं बेडूक सांगितला. मी टांगला. थोड्या वेळानं आबा येऊन उभे राहिले. आबा म्हणजे गावातले जुने शेतकरी, त्यांची नात माझ्याकडं होती. सगळ्यांनी मान द्यावा असं माणूस, पण बोलायला तिखट. त्यांनी पुस्तकाकडं निरखून बघितलं.

"सूनबाई, सरकारनं बेडूक काढला म्हना की."

मी पदर ओढून आत बघत राहिले. तेवढ्यात आणखी दोघं-तिघं जमले.

"जोश्यानं तर मेंढा सांगितला व्हता."

"जोशी हैदराबादच्या टायमाचा. ही किताब मुंबईची हाय. मुंबईला पाऊस किती पडतो ठावं हाय का? त्येंनीच पाठवला आसंल इकडं."

"मंग हत्ती मागवा की! मागायचंच तर बारकं कशाला मागायचं?"

ते हसत गेले. ही थट्टा आहे असं मी समजले. थोडी होतीच. पण दुसऱ्या दिवसापासून बैल घेऊन रानात जाताना माणसं चावडीवरून वळून जाऊ लागली. कुणी विचारायचं नाही, नुसतं पान बघायचं आणि पुढं जायचं. मी सांगायला हवं होतं की हे पान पोरांनी आजचं आभाळ बघून लावलंय, उद्याचं नाही. पण बाप्या माणसांसमोर बोलायचं म्हणजे माझं पाणी पाणी व्हायचं. हातात पुस्तक घेऊन समोर धरलं असतं तर बोलले असते, पण पुस्तक तर सुतळीवर होतं.

पेरण्या झाल्या आणि पावसानं ओढ दिली. रोज सकाळी मुलं बाहेर जायची, डोळ्यांवर हात धरून वर बघायची आणि आत येऊन म्हणायची, "कोल्हा." आभाळात पिंजलेला ढगसुद्धा नव्हता. कोल्हा लागला तो हललाच नाही. उगवलेली कोवळी पिकं माना टाकायला लागली. माणसांच्या तोंडावरचं हसू गेलं.

एका सकाळी आबा आले ते थेट पायरीपर्यंत.

"सूनबाई, त्यो कोल्हा काढा तिथनं."

मी पेटीतले ठोकळे मांडू लागले.

"पान उलटायला काय पैका लागतो? बेडूक लावा. न्हायतर मोर तरी लावा."

मी खरोखर उठले. मोठ्या माणसाचा शब्द मोडायची मला सवय नव्हती. मी पुस्तकाला हात लावला तशी आबांचीच नात रडायला लागली. "ऊन हाये की! बाई, ऊन हाये! बेडूक कशापायी?" तिच्याबरोबर बाकीची पण. रोज आभाळ बघून खरं सांगायचं, हे मीच त्यांना शिकवलेलं. मी हात मागं घेतला. आबा नातीकडं बघत राहिले आणि माघारी गेले.

त्यानंतर दोन-चार दिवसांत मी सकाळी पेटी उघडली आणि पुस्तक काढलं तर कोल्ह्याचं पान नव्हतं. शिवणीपाशी फाटकी कड राहिली होती. चावडीला कुलूप नसायचं आणि पेटीलाही नव्हतं. मी मुलांना विचारलं, पण पत्ता लागला नाही. त्या दिवशीही कडक ऊन होतं. आता कुठलं पान लावायचं म्हणून मुलं विचारात पडली. शेवटी त्यांनी फाटकी कड जिथं होती तिथंच पुस्तक उघडायला लावलं. मी तसं टांगलं.

माझं लक्ष मात्र शिकवण्यात नव्हतं. ब्लॉकच्या मुख्यसेविका बाई तपासणीला येणार होत्या.

त्या आल्या, बेंबळीपर्यंत एसटीनं आणि पुढं चालत. पाणी प्यायल्या, मुलांची नखं बघितली, पेटीतल्या वस्तू यादीप्रमाणं मोजल्या. पुस्तकाची पानं मोजताना थांबल्या.

"एक पान कमी आहे. ऊन कुठं गेलं?"

आबांची नात पुढं होऊन म्हणाली, "कोल्ह्याला शिवेपल्याड सोडलाय."

मुलं खिदळली. बाईही हसल्या. मलाही ते पोरीचं बोलणं वाटलं. पण हसून झाल्यावर बाई माझ्याकडं वळल्या. वाईट स्वभावाच्या नव्हत्या, थकलेल्या होत्या.

"अहो, मी वर काय लिहू सांगा. सरकारी वस्तू आहे. पान गेलं म्हणजे पुस्तक गेलं, असं धरतात. किंमत भरा. या महिन्यात भरली नाही तर पेटी दुसऱ्या गावाला द्यायला सांगतील. पेटी गेली म्हणजे बालवाडी गेली."

पुस्तकाची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या मानधनाहून जास्त होती, आणि मानधन तीन-तीन महिने येत नव्हतं. यजमानांच्या पगारावर घर चालायचं, त्यातले मागायची सोय नव्हती. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बरं झालं, खुरपायला चल. खुरपायला मी भीत नव्हते. पण पुस्तक गेलं तर माझं बोलणं परत घशात जाईल, हे मला कळत होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी परसात मी तोंड पुसत होते ते चाचीनं भिंतीवरून बघितलं.

"रडतीस कायकू गं? सासूनं मारलं?"

"नाही."

"नवऱ्यानं?"

"ते तर कळंबला आहेत."

"मंग कळंबहून मारलं व्हय?"

मला हसू आलं आणि सगळं सांगून टाकलं. चाची आत गेली, लग्नसराईच्या गाद्यांचे ठेवलेले पैसे घेऊन आली आणि भिंतीवर मांडले.

"ही घे. माझ्या कापसाला बर्फ म्हननारी पोरं परत कुठं भेटतील मला? पन बेटी, उधार हाय बरं का. खैरात न्हाय. थोडं थोडं दे, पन पुरं दे."

मी पैसे भरले. पावती आली आणि पेटी राहिली. फाटकं पुस्तकही राहिलं, कारण त्याची किंमत भरली म्हणजे ते माझं झालं, असं बाईंनी सांगितलं.

पुढं आश्लेषात पाऊस झाला. चांगला झाला. माना टाकलेली पिकं बरीचशी उठली. मुलांनी बेडूक लावला आणि टाळ्या वाजवल्या. आबा पायरीवर येऊन बसले. धोतर भिजलेलं, पण खुशीत होते.

"बघितलं का सूनबाई? काढला की आला."

"काय काढला?" मी हळूच विचारलं.

"कोल्हा! म्याच नेला त्येला. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपल्याड नेऊन सोडत्यात का न्हाय? तसाच ह्येला नेला. शिवेच्या धोंड्याखाली ठिवला, वर हळदीकुंकू वाहिलं. म्हनलं, बस आता तिकडं. आला का न्हाय पाऊस?"

लपवाछपवी काहीच नव्हती. त्यांच्या मनात ते गावाचं काम होतं, आणि ते झालं होतं.

मी सुतळीवरून पुस्तक काढलं, उघडलं आणि तोंडासमोर धरलं. मग पुस्तकाच्या मागून म्हणाले, "आबा, त्या पानाचे पैसे मला भरावे लागले. चाचीकडून उसने घेतले. पेटी जाणार होती. तुमच्या नातीची बालवाडी बंद पडणार होती."

मी बेडकाच्या वरून बघितलं. आबा तोंड उघडं टाकून बसले होते. मी बोलले म्हणून की पैशाचं ऐकून, कोण जाणे.

"कागदाचं पैसं? चितराचं?"

"सरकारी आहे."

"किती?"

मी सांगितलं. त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"आरं तिच्या! तेवढ्यात तर खरा कोल्हा आला आसता." मग माझ्याकडं वळले. "मंग तुमी तवाच का न्हाय बोलला?"

मी पुस्तक जरा वर धरलं.

"बरं. कोल्हा म्या नेला, पाऊस माज्याबी रानात पडला. पैसं माजं."

"ते पान आणून द्या, मी खळीनं चिकटवीन," मी म्हणाले.

"ते न्हाय जमायचं," आबा लगेच म्हणाले. "येक बार शिवेपल्याड सोडलं ते परत गावात आनायचं नसतं. पाऊस जाईल. पैसं सांगा, पान सांगू नगा."

मी पुढं एकदा वाकडी वाट करून शिवेच्या धोंड्याशी गेले होते. तिथं हळदीकुंकवाचा डाग होता. धोंड्याखाली पावसानं लगदा झालेला कागद होता आणि त्याला वाळवी लागली होती. शेपटाचं टोक तेवढं ओळखू येत होतं. मी ते तसंच ठेवलं.

आबांनी पैसे दिले ते एकदम नाही, जसे जमतील तसे. ते चाचीला न देता मला द्यायचे आणि मी भिंतीवरून चाचीला. मूग निघाले तेव्हा काही दिले. दिवाळीला काही. मानधन आलं तेव्हा मीही त्यात घातले, आबांना न सांगता. मध्ये एकदा त्यांनी पैशाऐवजी रानाच्या कडेची कपाशी आणली. चाची म्हणाली, "ह्ये व्याजात धरते," आणि त्या कपाशीतली बोंडं तिनं मुलांना दिली. मुलांनी त्यातून सरकी काढली. ढगात बी असतं का, असं एकीनं विचारलं. मी नाही म्हणाले.

त्या वर्षभर मुलं आभाळ बघून पान लावतच राहिली. उन्हाच्या दिवशी फाटकी कड लागायची. जाणारी माणसं थांबायची, कड बघायची आणि पुढं जायची. कड म्हणजे कुठलं वाहन ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं तक्रारही नव्हती. मीही आता ओसरीच्या कडेला येऊन सांगायची, "हे आजचं आहे. उद्याचं आम्हांला कळत नाही." आधी पुस्तकाच्या आडून सांगायची, मग तशीच. आबा त्यावर म्हणायचे, "उद्याचं कळत न्हाय तर सरकार पगार कशाचा देतं?" माणसं हसायची. मीही हसायची, पदराच्या आत.

ज्वारीची खळी झाल्यावर, होळीच्या आधी, आबा कळंबच्या बाजारातून परतले ते तसेच चावडीवर आले. मुलं घरी गेली होती. मी पेटी भरत होते. त्यांनी कनवटीचं सोडून नाणी ओसरीवर, सुतळीच्या खाली मांडली.

"मोजून घ्या सूनबाई. ह्ये शेवटचं."

मी मोजले. बरोबर होते. त्यांनी नातीचं विचारलं, दुपारी झोपते का, मारामारी करते का. मग म्हणाले, "पावसाळ्याला त्या जागी काय लावनार?"

"फाटकी कडच."

"बरी हाय ती," म्हणाले आणि काठी टेकत गेले.

मी घरी न जाता आधी चाचीच्या अंगणात गेले. धनुकली चालू होती. तिनं ती खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले, नाणी तळव्यावर घेतली. मोजली, मनातल्या मनात मागची बेरीज केली, पुन्हा मोजली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. तिच्या भुवयांवर कापूस होता.

"बेबाक. काय बाकी न्हाय," ती म्हणाली, आणि धनुकली उचलली.